आदिमानव भाकरी खात नव्हता, मग आपण सोडायची का?

प्रश्न विचारणारे गृहस्थ ४१ वर्षांचे. नोकरी हिंजवडीला, राहायला सिंहगड रोडला. उंची १७० सेंटिमीटर, वजन ७८ किलो, कंबर ९६ सेंटिमीटर, एचबीए१सी (मागच्या तीनेक महिन्यांतली सरासरी साखर दाखवणारी तपासणी) ६.२. वडिलांना मधुमेह आहे, गोळ्या चालू आहेत. ऑफिसातल्या एका मित्राने धान्य, डाळी, साखर बंद करून तीन महिन्यांत नऊ किलो उतरवले. मित्राचं म्हणणं असं की माणूस पंचवीस लाख वर्षं शिकार करून जगला, शेती आली अवघी दहा हजार वर्षांपूर्वी, शरीर अजून जुन्याच खाण्यासाठी घडलेलं आहे; म्हणून लो-कार्ब, म्हणजे कमी कर्बोदकांचा, हाच आपला मूळ आहार. घरी आई ऐकायला तयार नाही. तिचं म्हणणं, आजोबा चार-चार भाकऱ्या खाऊन नव्वदीपर्यंत शेतावर जात होते, त्यांना कुठे काय झालं? ‘आता कोणाचं ऐकू? भाकरी-भात पूर्ण बंद करू का?’

उत्तर आधीच सांगून टाकते. कर्बोदकं कमी करा, तुमच्या आकड्यांना त्याची गरज आहे. पूर्ण बंद करू नका. आणि यात आदिमानवाला मध्ये आणू नका, कारण त्याची साक्ष तुमच्या मित्राला वाटते तशी त्याच्या बाजूने पडत नाही. आजोबांची साक्षही अर्धीच आहे, पण ती कामाची आहे, तिच्याकडे येतेच.

पूर्वजांच्या आहाराची ही चर्चा सुरू झाली ती १९८५ मध्ये, बॉइड ईटन आणि मेल्विन कॉनर या दोन अमेरिकन अभ्यासकांनी ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये लिहिलेल्या लेखापासून. अश्मयुगीन माणसाच्या खाण्याचा त्यांनी जो अंदाज बांधला त्यात प्रथिनांचा वाटा होता ३४ टक्के, स्निग्धांशाचा २१ टक्के आणि कर्बोदकांचा ४५ टक्के. म्हणजे ज्या लेखावर हा सगळा डोलारा उभा राहिला, त्यातला आदिमानव जवळजवळ निम्म्या कॅलरी कर्बोदकांतून घेत होता. हा अंदाजच आहे, आणि पुढे त्यावर वादही झाले. पण ‘पूर्वज म्हणजे कीटो’ (कर्बोदकं जवळपास बंद करून चरबीवर जगणं) हे समीकरण मूळ लेखात नाही, ते मागाहून बाजारात आलं.

आजही शिकार करून, कंदमुळं गोळा करून राहणारे थोडे लोक जगात आहेत. टांझानियातले हाड्झा मांस खातात, पण कंद, बोरांसारखी फळं, गोरखचिंचेचा गर आणि मध यांवरही त्यांची मोठी भिस्त असते. मध ही त्यांची सगळ्यात आवडती वस्तू. पापुआ न्यू गिनीतल्या कितावा बेटावरचे लोक शेती करतात, सुरण-रताळ्यासारखे कंद, फळं, नारळ आणि मासे खातात. १९९०च्या सुमारास स्वीडिश डॉक्टरांनी त्यांना तपासलं तेव्हा हृदयविकार आणि लठ्ठपणा जवळपास आढळलाच नाही. बोलिव्हियातले त्सिमाने तर ७० टक्क्यांच्या आसपास कॅलरी कर्बोदकांतून घेतात, भात, केळी, मका यांतून, आणि त्यांच्या हृदयाच्या धमन्या आजवर तपासल्या गेलेल्या समाजांत सर्वांत स्वच्छ निघाल्या. या सगळ्यांत समान काय, तर दिवसाचे कित्येक तास पायावर असणं आणि पाकिटातलं काही न खाणं. कर्बोदकांचा आकडा प्रत्येकाचा निराळा.

मग कोणीतरी इन्युइट लोकांचं उदाहरण देतं. बर्फात राहतात, मांस आणि चरबीवर जगतात, कायम कीटोसिसमध्ये असतील, म्हणजे साखरेऐवजी चरबीपासून बनणाऱ्या कीटोनवर शरीर चालत असेल! गंमत अशी की उत्तर ध्रुवाजवळच्या या लोकांत एक जनुकीय बदल फार मोठ्या प्रमाणात आढळतो, आणि त्याचा परिणाम म्हणजे त्यांच्या यकृतात कीटोन कमी तयार होतात. हजारो वर्षं चरबी खाऊन निसर्गाने निवडलं ते हे.

‘शरीर बदलायला दहा हजार वर्षं पुरत नाहीत’ हे वाक्यही तपासून घ्या. मोठेपणीही दूध पचवण्याची क्षमता शेती-पशुपालनानंतरच पसरली. लाळेत पिष्ट पचवणारं अमायलेझ बनवणाऱ्या जनुकाच्या प्रती पिष्टमय खाणाऱ्या समाजांत सरासरीने जास्त सापडतात. शिवाय पिष्ट काही शेतीबरोबर आलं नाही. दक्षिण आफ्रिकेतल्या बॉर्डर केव्हमध्ये १,७०,००० वर्षांपूर्वी भाजलेले कंद मिळाले आहेत. निअँडर्थल माणसाच्या दातांवरच्या किटणात शिजवलेल्या पिष्टाचे कण आहेत. जॉर्डनमध्ये जळून कोळसा झालेला पावाचा तुकडा सापडला, तो सुमारे १४,४०० वर्षांपूर्वीचा. म्हणजे तिथे शेती सुरू होण्याच्या चारेक हजार वर्षं आधी माणूस रानटी धान्य दळून भाजत होता.

इतक्या लांब जायचं नसेल तर शिरूर तालुक्यात जा. घोड नदीकाठी इनामगाव आहे. डेक्कन कॉलेजने १९६८ पासून १९८३ पर्यंत तिथे उत्खनन केलं. इसवी सनापूर्वी १६०० ते ७०० या काळातली ही वस्ती. मुख्य पीक जव, जोडीला गहू, मसूर, वाल. गुरं, शेळ्या-मेंढ्या पाळत, मासे धरत, हरणं मारत. धान्याची कोठारं सापडली, पाट आणि बांधही सापडला. पुढे हवामान कोरडं होत गेलं तशी शेती आक्रसली आणि शिकार-पशुपालन वाढलं. म्हणजे पुणे जिल्ह्यातला तीन हजार वर्षांपूर्वीचा माणूस पाऊस असेल तेव्हा धान्य आणि नसेल तेव्हा जे हाती येईल ते खात होता. त्याचा ‘आहारविषयक दृष्टिकोन’ एवढाच होता.

एक गोष्ट मात्र मित्राच्या बाजूने सांगायला हवी. ‘आदिमानव तिशीतच मरायचा, त्याचं काय ऐकायचं’ हे उत्तर चुकीचं आहे. सरासरी कमी दिसते ती बालमृत्यूंमुळे. शिकारी समाजांत जो पंधरा वर्षं पार करतो तो बऱ्याचदा साठी-सत्तरी गाठतो.

आता आजोबा. चार भाकऱ्या खरंच खात असतील. पण त्या भाकऱ्या जिरवायला नांगर होता, विहिरीवरची मोट होती, बाजाराला चालत जाणं होतं. जोडीला पिठलं नाहीतर हुलग्याचं माडगं, कांदा, ठेचा, ताक. साखर पाहुण्याच्या चहापुरती. आणि वर्षभर रोज चार भाकऱ्या मिळत होत्या असंही समजू नका. १९७२च्या दुष्काळात अमेरिकेतून आलेला लाल मिलो (ज्वारीचाच एक प्रकार) रेशनवर घेऊन लोकांनी दिवस काढले, दुष्काळी कामांवर खडी फोडली. आजोबांच्या आणि त्यांच्या आधीच्या पिढ्यांच्या ताटात कधी चार भाकऱ्या होत्या, कधी अर्धी. माझ्या मते आपल्या मधुमेहाशी संबंध आहे तो या अर्ध्या भाकरीचा.

याचा अभ्यास पुण्यातच झालाय. केईएम हॉस्पिटलच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या गावांत गरोदर बायकांची आणि त्यांच्या मुलांची नोंद ठेवली. तिथल्या बाळांचं सरासरी वजन २.७ किलो भरलं, इंग्लंडमधल्या साउथॅम्प्टनच्या बाळांचं ३.५ किलो. पण आपली बाळं सगळीकडून सारखी लहान नव्हती. स्नायू कमी, पोटातले अवयव लहान, आणि चरबी मात्र त्या मानाने जपलेली. बाहेरून बारीक, आतून जाड. २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात याज्ञिकांनी स्वतःचा आणि इंग्लंडमधले सहकारी जॉन युडकिन यांचा फोटो शेजारी शेजारी छापला. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, २२.३. युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के. पुण्यात डायबेटिसचं काम करणाऱ्या बहुतेकांना तो फोटो पाठ आहे.

तुमच्या प्रश्नाचं मर्म इथे आहे. जेवल्यावर रक्तात येणारी साखर साठवायला सगळ्यात मोठी जागा असते ती स्नायूंची. आपल्याकडे ती जागा जन्मापासून लहान, त्यात दिवसातले नऊ-दहा तास खुर्चीत, आणि येणारी साखर मात्र आजोबांच्या चार भाकऱ्यांएवढी, कधी जास्तच. पंचवीस लाख वर्षांचा इतिहास बाजूला ठेवला तरी चालेल. मागच्या चार-पाच पिढ्या पुरेशा आहेत.

तुम्ही पाठवलेल्या तीन दिवसांच्या नोंदीतला मंगळवार घेते. सकाळी चहा, तीन मारी बिस्किटं. नाश्त्याला बशीभर पोहे, वर शेव. कँटीनमध्ये तीन पोळ्या, छोटी वाटी भात, फ्लॉवर-बटाटा, पातळ आमटी, काकडीच्या दोन चकत्या. पाच वाजता चहा आणि वडापाव. घरी आल्यावर पुन्हा चहा. रात्री तीन पोळ्या, भात, वरण, बटाट्याच्या काचऱ्या, झोपताना केळं. तिन्ही चहांत दोन-दोन चमचे साखर. यात खादाडपणा कुठेच नाही, पुण्यातल्या कुठल्याही सुखवस्तू घरातला हा दिवस आहे. हिशेब मांडला तर कर्बोदकं ४०० ग्रॅमच्या घरात जातात. प्रथिनं जेमतेम ५५-६०, आणि त्यातलीही निम्मी पोळी, भात, पोह्यांतूनच आलेली. किलोमागे ०.८३ ग्रॅम ही राष्ट्रीय पोषण संस्थेची शिफारस धरली तर तुम्हाला ६५ ग्रॅम हवीत. ताटात पिवळा-पांढरा रंग सोडून दुसरा रंग शोधावा लागतो.

म्हणून मी रुग्णांना ‘काय बंद करू’ या प्रश्नाकडून ‘काय वाढवू’कडे आणते. आयसीएमआर या केंद्रीय वैद्यकीय संशोधन संस्थेच्या देशव्यापी मधुमेह पाहणीतल्या १८,००० हून अधिक लोकांच्या खाण्याचा हिशेब मांडून २०२२ मध्ये जे गणित प्रसिद्ध झालं, त्यानुसार नव्याने मधुमेह झालेल्यांनी तो माघारी फिरवायचा तर कर्बोदकं ४९ ते ५४ टक्क्यांवर आणावीत आणि प्रथिनं १९-२० टक्क्यांपर्यंत न्यावीत. तुम्ही अजून मधुमेहाच्या अलीकडे आहात, तुमच्यासाठी हे पुरेसं आहे. १८०० कॅलरींचा दिवस धरला तर कर्बोदकं २२०-२३० ग्रॅम, प्रथिनं ८०च्या पुढे. कीटोवाले सांगतात ते २०-५० ग्रॅम नव्हे.

ताटात हे असं दिसेल. सकाळी दोन अंडी आणि अर्धी बशी पोहे, शेव नको. दुपारी एक ज्वारीची भाकरी, मोठी वाटी घट्ट मटकीची किंवा चवळीची उसळ, मेथी-शेपू-चाकवत अशी एखादी पालेभाजी, वाटीभर दही. भात नको, किंवा भात हवा तर भाकरी नको. पाचला बिनसाखरेचा चहा आणि मूठभर फुटाणे. रात्री पुन्हा एक भाकरी, शंभर ग्रॅम पनीर किंवा बांगडा-सुरमईचे दोन तुकडे, भाजी, घट्ट वरण. एखादं फळ, पण रस काढून नाही. यात उपाशी राहायला होत नाही, आणि आईला वेगळा स्वयंपाक करावा लागत नाही. घरात चालू राहण्याच्या दृष्टीने ही दुसरी गोष्ट पहिलीपेक्षा मोठी आहे.

भाकरीबद्दल एक सांगायलाच हवं, कारण आठवड्यातून एकदा तरी कोणीतरी कौतुकाने सांगतं की ‘आता पोळी सोडली, भाकरीवर आलोय, त्यामुळे काळजी नाही’. ज्वारीच्या १०० ग्रॅम धान्यात कर्बोदकं ६८ ग्रॅमच्या आसपास असतात, गव्हाच्या कणकेत ६४. भाकरी थोडी सावकाश पचते, पोट भरल्यासारखं वाटतं, दोन खाऊन माणूस थांबतो, हा तिचा गुण. पण तीन भाकऱ्या म्हणजे तीन भाकऱ्याच. आणि ‘आपली पारंपरिक’ म्हणून जिचा अभिमान बाळगतो ती ज्वारी मुळात आफ्रिकेची, बाजरीही तिथलीच. तसा तुमच्या मित्राचा फ्लॉवरचा ‘भात’ही काही गुहेतला नव्हे, फ्लॉवर ही माणसाने रानकोबीपासून पिढ्यान्‌पिढ्या निवड करत घडवलेली भाजी आहे. बदामाच्या पिठाच्या ब्रेडवर मी बोलत नाही, त्याची किंमतच पुरेसं बोलते.

मग मित्राचे नऊ किलो गेले कसे? पहिल्या आठवड्यातले दोन-तीन किलो बहुतांशी पाणी. यकृतात आणि स्नायूंत साठवलेल्या प्रत्येक ग्रॅम ग्लायकोजेनबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी असतं; कर्बोदकं थांबली की साठा रिकामा होतो, पाणी निघून जातं. बाकीचे गेले ते कमी खाल्ल्यामुळे. धान्य बंद केलं की पोहे, बिस्किटं, वडापाव, जिलबी, लग्नातला मठ्ठा-मसालेभात सगळं एका फटक्यात बंद होतं. रात्रीचं अरबट-चरबट थांबतं. प्रथिनं वाढल्याने भूक मरते. हे सगळे खरे फायदे आहेत, मी ते नाकारत नाही. पहिल्या सहा महिन्यांत लो-कार्बवर साखर आणि ट्रायग्लिसराइड (रक्तातली चरबी) छान उतरतात. पण २०१८ मध्ये अमेरिकेत ६०९ जणांवर वर्षभर प्रयोग झाला, निम्मे लो-कार्बवर, निम्मे लो-फॅटवर, दोघांनाही मैदा-साखर टाळून घरचं खायला सांगितलेलं. वर्षाअखेरीस वजन उतरलं सहा किलो आणि ५.३ किलो, फरक नोंद घेण्याजोगा नाही. ब्रिटनमध्ये तर २०१७ साली ज्या प्रयोगात ४६ टक्के लोकांचा मधुमेह वर्षभरात माघारी गेला, त्यात त्यांना दिलेल्या जेमतेम ८५० कॅलरींच्या सूप-शेकमध्ये निम्म्याहून जास्त कॅलरी कर्बोदकांच्या होत्या. मधुमेह हलला तो वजनामुळे; ज्यांनी पंधरा किलो किंवा जास्त उतरवले त्यांच्यातल्या ८६ टक्के लोकांचा. कोणत्या वाटेने उतरवले हा दुय्यम प्रश्न.

मध्यंतरी दोनदाच जेवावं की दर दोन तासांनी, यावरून पुण्यातल्या सोसायट्यांत तट पडले होते. त्या दोन्ही तटांतल्या बारीक झालेल्या लोकांना मी भेटले आहे. जाड झालेल्यांनाही.

तुमच्या पत्रातली मला खरी काळजी वाटली ती वडिलांची. घरातला एकजण असं काही सुरू करतो आणि पंधरा दिवसांत मधुमेही वडील किंवा सासरे न सांगता त्याच्या पंगतीला बसतात, हे मी वारंवार पाहते. त्यांच्या गोळ्यांची पट्टी काढून नावं वाचा. ग्लिमेपिराइड किंवा इन्सुलिन असेल आणि ताटातली भाकरी अचानक गेली, तर साखर धोकादायक खाली येईल. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन यांसारखी ‘फ्लोझिन’वर संपणारी गोळी असेल तर धोका वेगळा आहे, आणि फसवा आहे. ही औषधं साखर लघवीतून बाहेर काढतात. त्यात खाण्यातली कर्बोदकंही बंद झाली की शरीरात कीटोन इतके साचू शकतात की रक्त आम्लधर्मी होतं. माणसाला मळमळतं, उलट्या होतात, पोट दुखतं, धाप लागते. घरचे मीटरवर साखर बघतात, ती येते १६०-१८०. ‘साखर तर बरी आहे, पित्त झालं असेल’ म्हणून लिंबू-सरबत देतात आणि अख्खी रात्र जाते. अशा वेळी थेट हॉस्पिटल, आणि तिथे ‘ही गोळी चालू आहे, धान्य बंद केलंय’ ही दोन वाक्यं पहिल्यांदा सांगायची. वडिलांच्या ताटात एक भाकरीही कमी करायची तर आधी त्यांच्या डॉक्टरांना विचारून. गरोदर बायका, टाइप-१ मधुमेही, किडनीचे रुग्ण यांनी तर कडक लो-कार्बच्या वाटेला स्वतःहून जाऊच नये.

तुमच्यापुरतं सांगायचं तर ताटाइतकंच काम पायांना आणि खांद्यांना आहे. आठवड्यातून दोन-तीनदा वजनं उचला किंवा घरीच बैठका, जोर काढा; लहान असलेली ती साखर साठवायची जागा वाढवायचा तेवढाच मार्ग आहे. दुपारी कँटीनमधून थेट खुर्चीत न जाता दहा-पंधरा मिनिटं इमारतीभोवती फिरा. स्नायू हलत असतात तेव्हा ते इन्सुलिनची फारशी वाट न बघता साखर ओढून घेतात. आणि ताटात भाजी-उसळ आधी, भाकरी नंतर; एवढ्या क्रमाने सुद्धा जेवणानंतरची साखर कमी चढते. विश्वास बसत नसेल तर वडिलांचं मीटर घ्या. एक दिवस नुसते पोहे, दुसऱ्या दिवशी अर्धे पोहे आणि दोन अंडी, दोन्ही वेळा तासाने आणि दोन तासांनी साखर बघा. तुमचा स्वतःचा आकडा माझ्यापेक्षा चांगलं पटवेल.

चतुर्थीचं विचारलं नाहीत, पण आई विचारेल. साबुदाणा म्हणजे जवळपास निव्वळ पिष्ट, प्रथिनं नावालाही नाहीत. त्या दिवशी राजगिरा, दही, भाजलेले शेंगदाणे, हवं तर थोडं रताळं. वरीचे तांदूळ घेतले तर भाताइतकेच मोजा.

सुरू करण्याआधी एवढ्या तपासण्या करून घ्या: लिपिड प्रोफाइल (कोलेस्टेरॉल वगैरे), यकृत, किडनीसाठी क्रिएटिनिन आणि व्हिटॅमिन बी-१२. पुण्यातल्या शाकाहारी आणि आठवड्यातून एकदाच मांसाहार करणाऱ्या लोकांत बी-१२ सर्रास कमी निघतं. पनीर-लोणी वाढवल्यावर काही जणांचं एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, चांगलंच चढतं, म्हणून लिपिड तीन महिन्यांनी पुन्हा. एचबीए१सीही तेव्हाच, आधी करून उपयोग नाही. आणि कोणी ग्लुकोज पाजून चाचणी करायला सांगितली, तर आधीचे तीन दिवस दिवसाला किमान १५० ग्रॅम कर्बोदकं पोटात जाऊ द्या. लो-कार्बवरून थेट गेलात तर ती चाचणी नसलेला मधुमेह दाखवू शकते.